मूडलवरचा मराठी कोर्स: चेकर ‘शून्य चुका’ म्हणतो, तरी अंध विद्यार्थ्याला वाचता येत नाही. हातानं काय तपासायचं?

विश्रामबागकर

नमस्कार मंडळी. सांगलीत द्राक्ष आणि हळद या दोन पिकांवरचा सर्टिफिकेट कोर्स मूडल या ऑनलाइन शिकवायच्या सॉफ्टवेअरवर चालतो, मजकूर सगळा मराठीत. यंदाच्या बॅचमध्ये एक पूर्ण अंध विद्यार्थी आहे आणि एका विद्यार्थिनीला कमी ऐकू येतं. साहित्य म्हणजे मूडलची पानं, जुन्या नोट्सच्या पीडीएफ (काही पेजमेकर या जुन्या छपाई-मांडणीच्या सॉफ्टवेअरमधून काढलेल्या, काही झेरॉक्सवरून स्कॅन केलेल्या), पॉवरपॉइंट, मोबाइलवर काढलेले छाटणी-फवारणीचे व्हिडिओ आणि दर घटकाला ३० मिनिटांची चाचणी.

मूडलमधलं ब्रिकफील्डचं ॲक्सेसिबिलिटी टूलकिट (अपंग विद्यार्थ्यांना पान वापरता येतं का ते तपासणारं) चालवलं, त्यानं दाखवलेलं सगळं दुरुस्त केलं. आता अहवाल स्वच्छ आहे. तरी विद्यार्थी म्हणतो, निम्मं वाचलंच जात नाही. टूल नेमकं बघतं काय? आणि हातानं कुठून सुरुवात करायची? तिघे शिक्षक आहोत, पुढचं सत्र सुरू व्हायच्या आत उरकायचंय.

आणखी एक. वरून सूचना आहे की अंध विद्यार्थ्यासाठी निव्वळ मजकुराची वेगळी फाइल द्यावी आणि विषय मिटवावा. हे चालेल का?

कृष्णाकाठ

सर, टूल मूडलच्या पानाचा एचटीएमएल, म्हणजे पानामागचा कोड, तपासतं. पानाला जोडलेली पीडीएफ ते उघडून वाचत नाही. चित्राला ऑल्ट मजकूर (चित्राचं लेखी वर्णन) आहे की नाही एवढं त्याला कळतं, तो बरोबर आहे का ते कळत नाही. ‘फोटो १’ लिहिलंत तरी ते खूश. म्हणून स्वच्छ अहवाल म्हणजे तपासणीची सुरुवात समजा.

तुमच्या यादीत सगळ्यात मोठा घोळ पेजमेकरच्या पीडीएफमध्ये असणार. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव या जुन्या फॉन्टांत अक्षराचा आकार तेवढा देवनागरी असतो, आत साठवलेला कोड इंग्रजी अक्षरांचा असतो. डोळ्याला ‘द्राक्ष’ दिसतं, संगणकाला तिथं इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते, आणि स्क्रीन रीडर (पडद्यावरचं बोलून दाखवणारा प्रोग्राम) ती खिचडीच वाचतो. कोणताही चेकर याला चूक म्हणत नाही, कारण त्याच्या दृष्टीनं तिथं मजकूर आहेच.

कसोटी अर्ध्या मिनिटाची आहे. पीडीएफमधल्या दोन ओळी कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. त्या ओळींत ‘विद्यार्थी’सारखा एखादा शब्द असू द्या: त्यात पहिली वेलांटी आहे, जोडाक्षर आहे, रफारही आहे. मग चारपैकी एक काहीतरी होईल.

एक, जसंच्या तसं मराठी आलं. फाइल बहुतेक ठीक.

दोन, इंग्रजी खिचडी आली. जुना फॉन्ट. कन्व्हर्टरनं युनिकोड (प्रत्येक अक्षराला स्वतःचा कोड असलेली आजची पद्धत) करून घ्या, पण कन्व्हर्टर त्याच फॉन्टचा हवा. श्रीलिपीतही वेगवेगळे लेआउट आहेत, चुकीचा निवडला तर निम्मी अक्षरं बरोबर आणि निम्मी भलतीच येतात. रूपांतर झाल्यावर ऱ्हस्व वेलांटी आणि रफार डोळ्यांनी तपासा. जुन्या फॉन्टांत वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर टाइप होतो, युनिकोडमध्ये हा क्रम उलटा. कन्व्हर्टर चुकतो तो इथंच. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्या’तला ऱ्यसुद्धा बघून घ्या.

तीन, मराठी आलं पण वेलांट्या उड्या मारतात, जोडाक्षरं तुटतात. मूळ फाइल युनिकोडच होती, पीडीएफ करताना आकारावरून अक्षराकडे जायचा तक्ता बिघडला. याला पीडीएफमध्ये दुरुस्ती शोधत बसू नका. मूळ वर्ड फाइलच विद्यार्थ्याला द्या, किंवा त्याहून बरं, मजकूर सरळ मूडलच्या ‘पेज’मध्ये घाला.

चार, काहीच निवडता आलं नाही. ते स्कॅन, म्हणजे नुसता फोटो. गूगल ड्राइव्हवर चढवून ‘ओपन विथ गूगल डॉक्स’ केलं की मराठी मजकूर निघतो. मूळ कागद असेल तर ३०० डीपीआयवर, सरळ ठेवून, पुन्हा स्कॅन करा, मग निघणारा मजकूर बराच सुधारतो. तक्ते मात्र कोलमडतात आणि आकड्यांची गल्लत होते. औषधाच्या प्रमाणाचा एकूण एक आकडा मूळ कागदाशी ताडून बघा. शेतीच्या कोर्समध्ये चुकलेला आकडा थेट बागेत जातो.

वर्डमधून पीडीएफ करायचीच असेल तर ‘सेव्ह ॲज’मधून करा आणि ऑप्शन्समध्ये डॉक्युमेंट स्ट्रक्चर टॅग्सची खूण आहे याची खात्री करा. ‘प्रिंट टू पीडीएफ’ वापरू नका. त्यात शीर्षकं, तक्ते, ऑल्ट मजकूर सगळं गळून जातं आणि दिसायला फाइल तशीच दिसते.

अजिंक्यतारा_सातारा

वर लिहिलंय ते आधी करा. मजकूर खरा मजकूर झाला नाही तोवर पुढचं सगळं फुकट. त्यानंतरचं लिहितो.

माउस बाजूला ठेवा. टॅब दाबत कोर्सच्या मुख्यपानापासून चाचणी ‘सबमिट’ करेपर्यंत जा. तीन गोष्टींवर नजर ठेवा: आपण कुठं आहोत ते चौकटीनं किंवा रंगानं दिसतंय का, क्रम वाचनाच्या क्रमानं जातोय का, आणि कुठं अडकून पडतोय का. अडकायची हमखास जागा म्हणजे पानात बसवलेला व्हिडिओ प्लेअर किंवा बाहेरून आणलेला गेम. आत शिरता येतं, बाहेर पडता येत नाही.

मग एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर उतरवून घ्या. विंडोजसाठी आहे, फुकट आहे. त्याच्यासोबत येणाऱ्या ई-स्पीक आवाजात मराठी आहे. आवाज यंत्रासारखा वाटतो, पण तपासणीला पुरतो. ऐकायची सवय नसेल तर एनव्हीडीएच्या मेनूत टूल्सखाली ‘स्पीच व्ह्यूअर’ चालू करा, जे बोललं जातं ते खिडकीत लिहून येतं. तीन शिक्षकांपैकी दोघे ऐकण्याऐवजी वाचूनच तपासतील, आणि त्यात बिघडत काही नाही.

किल्ल्या थोड्याच लागतात. एच दाबलं की पुढचं शीर्षक, के म्हणजे लिंक, जी म्हणजे चित्र, टी म्हणजे तक्ता. इन्सर्ट आणि एफ ७ एकत्र दाबलं की पानावरच्या सगळ्या लिंका किंवा शीर्षकं यादीत येतात. ही यादीच खरी तपासणी. त्यात ‘येथे क्लिक करा’ अकरा वेळा दिसलं तर समजायचं की विद्यार्थ्याला कोणती लिंक कशाची हे कळत नाही. ‘घटक ३: एप्रिल छाटणीच्या नोट्स, वर्ड फाइल’ असं लिंकमध्येच लिहा. शीर्षकांची यादी रिकामी आली तर कुणीतरी शीर्षक निव्वळ ठळक आणि मोठं करून ठेवलंय. मूडलच्या एडिटरमध्ये वेगवेगळ्या पातळ्यांची शीर्षकं मिळतात, तीच वापरायची. ठळक अक्षर म्हणजे शीर्षक नव्हे. निम्मे कोर्स इथं नापास होतात.

आता मराठीची खास भानगड. मूडलचा इंटरफेस इंग्रजीत असेल तर अख्खं पान ‘इंग्रजी’ म्हणून जाहीर होतं. भाषा आपोआप बदलायची सोय चालू असलेला रीडर मग इंग्रजी आवाज लावतो, आणि काही इंग्रजी आवाज देवनागरी सरळ गाळून टाकतात. विद्यार्थ्याला शांतता ऐकू येते, मधे फक्त औषधांची इंग्रजी नावं. ‘निम्मं वाचलंच जात नाही’ ही तक्रार मला याचीच वाटते. कोर्सच्या सेटिंगमध्ये ‘फोर्स लँग्वेज’ला मराठी लावा. त्यासाठी ॲडमिननं मराठी भाषा-पॅक बसवलेला हवा. ते जमत नसेल तर एडिटरच्या एचटीएमएल दृश्यात मजकुराभोवतीच्या टॅगला लँग गुणधर्म देऊन त्यात मराठीचा दोन अक्षरी इंग्रजी कोड ‘एमआर’ टाका.

वर्डमध्येही हेच. हिंदी कीबोर्डवरून मराठी टाइप केलं तर वर्ड त्याला हिंदी समजतो आणि रीडर हिंदी उच्चार करतो. शब्दाच्या शेवटचे अकार, च-ज चे उच्चार बिघडतात. सगळा मजकूर निवडून रिव्ह्यू टॅबमधून भाषा मराठी करा.

तक्त्यांचं तेवढं सांगून थांबतो. फवारणीचं वेळापत्रक व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत असेल तर ते टाइप करावंच लागेल. टाइप करताना पहिली ओळ ‘हेडर’ म्हणून ठरवा आणि खाने जोडू नका. एनव्हीडीएत कंट्रोल-ऑल्ट आणि बाण दाबून खान्याखान्यातून फिरता येतं. हेडर असेल तर ‘प्रमाण, दर लिटरला २ ग्रॅम’ असं ऐकू येतं. नसेल तर नुसतं ‘२ ग्रॅम’, कशाचं ते देव जाणे.

विश्रामबागकर

दोघांचे आभार. इंटरफेस इंग्रजीतच आहे, म्हणजे दुखणं बहुधा तिथलंच. पीडीएफची कसोटी लगेच लावली: पेजमेकरच्या सगळ्या खिचडी.

आता अडलंय ते चाचणीत. प्रश्न आहे, ‘हे पान पाहून रोग ओळखा’, आणि खाली केवडा रोगाचा फोटो. ऑल्टमध्ये ‘केवडा’ लिहिलं तर उत्तर फुटतं. न लिहावं तर प्रश्नच उरत नाही.

मिरज_जंक्शन

ऑल्ट मजकूर चित्र कशासाठी आहे त्यावर ठरतो. एकच फोटो धड्यात आणि चाचणीत आला तर मजकूर वेगळा.

धड्यात असं लिहा: ‘केवडा झालेलं द्राक्षाचं पान. वरच्या बाजूला पिवळसर, तेलकट दिसणारे डाग. खालच्या बाजूला त्याच डागांच्या जागी पांढरी बुरशी.’ चाचणीत नाव काढा, लक्षणं ठेवा: ‘द्राक्षाचं पान. वरच्या बाजूला पिवळसर तेलकट डाग, खालच्या बाजूला त्याच जागी पांढरी बुरशी.’ भुरी या दुसऱ्या रोगाच्या फोटोला: ‘द्राक्षाचं पान. वरच्या बाजूला पांढरट-राखाडी, भुकटी पडल्यासारखा थर.’ डोळस विद्यार्थी फोटोत हेच शोधतो. बुरशी खाली आहे की वर, तेलकट डाग आहे की भुकटी, यावरच दोन्ही रोग वेगळे कळतात.

‘चित्र’ किंवा ‘फोटो’ या शब्दानं सुरुवात करू नका, रीडर ते स्वतःच सांगतो. नुसत्या सजावटीच्या चित्राला ‘डेकोरेटिव्ह’ची खूण करा, म्हणजे रीडर ते ओलांडून जातो. मजकूर दोन-तीन वाक्यांपेक्षा लांबायला लागला, उदाहरणार्थ हळदीच्या दरांचा वर्षभराचा आलेख असेल, तर ते आकडे चित्राखाली तक्त्यात सगळ्यांसाठीच द्या आणि ऑल्टमध्ये ‘दरांचा आलेख, आकडे खालच्या तक्त्यात’ एवढंच ठेवा.

फाइलचं नावही बदला बरं का. ‘केवडा_२’ नावाची फाइल चाचणीत चढवली आणि ऑल्ट राहून गेला, तर काही रीडर, विशेषतः चित्राला लिंक असेल तेव्हा, फाइलचं नाव वाचतात. उत्तर आपणच सांगितलेलं असतं.

कास_पठार

वरच्या मुद्द्याला थोडा विरोध. लक्षणं शब्दांत मांडली की अर्धं निदान आपणच करून दिलं. फोटोतून लक्षणं वेचणं हेच कौशल्य तपासायचं असेल तर ऑल्टवाला प्रश्न सोपा होतो, आणि तो डोळस मुलांनाही दिसू शकतो, कारण चित्र उघडलं नाही की ब्राउझर ऑल्टच दाखवतो.

मिरज_जंक्शन

मान्य. म्हणून आधी शिक्षकानं ठरवावं की काय तपासायचंय. लक्षणावरून रोग ओळखणं तपासायचं असेल तर वरचं चालतं. नजरेनं लक्षण टिपणं हेच तपासायचं असेल तर त्या विद्यार्थ्याला तेवढ्याच गुणांचा, तेवढ्याच कठीण पातळीचा दुसरा प्रश्न द्या. पण माझा अनुभव विचाराल तर शंभरातले नव्वद प्रश्न पहिल्या प्रकारचे निघतात, फोटो नुसता सोयीनं चिकटवलेला असतो.

चित्रावर नावं ओढून ठेवायचा प्रश्नप्रकार मात्र काढाच. कीबोर्डवर चालवता आला तरी कुठं ठेवायचं ते चित्रावरच असतं. ‘जोड्या लावा’ घ्या, मूडलमध्ये तो ड्रॉपडाउनवर चालतो, रीडर नीट वाचतो.

पलूस_फाटा

व्हिडिओबद्दल कुणी बोललं नाही म्हणून.

आपोआप आलेली सबटायटल तशीच ठेवायची नाहीत. वाक्यं समजून घेता येतात, शेतीचे शब्द आणि आकडे नाही. बोर्डो मिश्रणाचा व्हिडिओ घ्या. १ टक्क्यासाठी १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. यंत्राला ‘मोरचूद’ कळत नाही, ‘दीड’, ‘अडीच’, ‘पाऊण’ हमखास घसरतात. कमी ऐकू येणाऱ्या मुलीला तेवढंच वाचायला मिळणार.

स्वतः लिहिणार असाल तर एसआरटी ही सबटायटलची फाइल नोटपॅडमध्ये चालते. सेव्ह करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा, एएनएसआय राहिलं तर सगळ्या मराठीची प्रश्नचिन्हं होतात. मूडलच्या प्लेअरला व्हीटीटी ही दुसऱ्या प्रकारची सबटायटल फाइल लागते. दोन्हींत फरक थोडाच: एसआरटीमध्ये सेकंदानंतर स्वल्पविराम, व्हीटीटीमध्ये टिंब, आणि व्हीटीटीच्या पहिल्या ओळीत ‘वेबव्हीटीटी’ हा शब्द इंग्रजी मोठ्या अक्षरांत. तो विसरला तर फाइल चढते पण सबटायटल दिसत नाही. वेळेचे आकडे इंग्रजीच हवेत, देवनागरी आकडे टाकले तर प्लेअरला वेळ कळत नाही. एका वेळी दोनच ओळी ठेवा. अर्थाला लागणारा आवाजही लिहा: [पंप सुरू होतो], [नोझल तुंबल्याचा आवाज].

अंध विद्यार्थ्याची अडचण उलटी. व्हिडिओत सर म्हणतात, ‘हे बघा, इथून असं कापायचं.’ कुठून? कसं? त्याला काहीच मिळत नाही. जुन्या व्हिडिओसाठी वर्णनासह लेखी उतारा द्या. नव्या व्हिडिओत बोलायची पद्धतच बदला: ‘काडीवर खालून सातवा डोळा मोजला, त्याच्या वर बोटभर जागा सोडून तिरका काप.’ अशानं वेगळं ध्वनिवर्णन बहुतेक वेळा लागतच नाही, आणि हातात कात्री धरून ऐकणाऱ्या शेतकऱ्यालाही ते जास्त उपयोगी.

कास_पठार

रंगांचं पटकन. नेहमीच्या आकाराच्या अक्षराला पार्श्वभूमीशी किमान ४.५ ला १ कॉन्ट्रास्ट (उजळ-गडदपणातला फरक) हवा, मोठ्याला (१८ पॉइंट, किंवा ठळक असेल तर १४) ३ ला १. पांढऱ्यावर राखाडी रंगाची हद्द ७६७६७६ या कोडपाशी आहे, त्याहून फिका नको. भडक लाल पांढऱ्यावर ४ च्या आसपासच थांबतो, म्हणजे लहान अक्षराला नापास. केशरी तर २ पर्यंतही जेमतेम. हळदीचा कोर्स म्हणून पिवळी-केशरी शीर्षकं ठेवली असतील तर रंग मागच्या पट्टीला द्या आणि अक्षर काळं करा. कलर कॉन्ट्रास्ट ॲनालायझर फुकट मिळतो, ड्रॉपरनं दोन रंग टिपले की आकडा देतो.

आणि ‘लाल अक्षरातले मुद्दे परीक्षेला महत्त्वाचे’ हे वाक्य काढा. रंग न कळणाऱ्याला ते निरर्थक आहे. मुद्द्याआधी ‘महत्त्वाचं:’ असं लिहा.

पॉवरपॉइंटमध्ये प्रत्येक स्लाइडला वेगळं शीर्षक हवं, आणि वाचनाचा क्रम सिलेक्शन पेनमध्ये बघा. तिथली यादी खालून वर वाचली जाते, म्हणून शीर्षक सगळ्यात खाली हवं. दिसतं उलटं, पण तसंच आहे.

अजिंक्यतारा_सातारा

वेगळ्या फाइलचं राहिलं. देऊ नका. पहिल्या आठवड्यात ती बरोबर असते. नंतर मूळ पानात औषधाचं प्रमाण बदललं जातं, फाइलमध्ये जुनंच राहतं. शिवाय चाचणी, चर्चा, गृहपाठ त्या फाइलमध्ये नसतातच, त्यासाठी विद्यार्थ्याला मूळ कोर्समध्ये यावंच लागतं. मूळ पानच नीट केलं तर दोनदा काम नाही. वर समजावायला कायदा लागला तर दिव्यांग हक्क अधिनियम २०१६ आहे. त्यातली कलमं १६ आणि १७ शिक्षणसंस्थांबद्दल आहेत, कलम ४२ माहिती-तंत्रज्ञानाबद्दल.

कामाची वाटणी अशी सुचवतो: एकानं आधी सगळ्या फाइलींना कॉपी-पेस्टची कसोटी लावून चार ढीग करायचे, दुसऱ्यानं तोवर कोर्सची भाषा आणि शीर्षकं, तिसऱ्यानं व्हिडिओ, कारण त्यालाच सर्वात जास्त वेळ जातो. सगळे घटक एकदम हातात घेऊ नका. पहिला घटक पूर्ण करून त्या विद्यार्थ्याला त्याच्याच फोनवर, त्याच्याच टॉकबॅकनं (अँड्रॉइड फोनमधला स्क्रीन रीडर) चालवायला द्या. फोनवर वेगळ्याच चुका निघतात.

विश्रामबागकर

वाटणी पटली. शेवटचं: चाचणीत त्याला जादा वेळ कसा द्यायचा? सगळ्यांचीच वेळ वाढवावी लागेल का?

मिरज_जंक्शन

नाही. क्विझमध्ये ‘ओव्हरराइड्स’ म्हणून पान आहे, तिथं ‘ॲड युजर ओव्हरराइड’ करून फक्त त्याचा टाइम लिमिट बदला. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत तासाला किमान २० मिनिटं भरपाई वेळ सांगितला होता, त्या हिशेबानं ३० मिनिटांच्या चाचणीला ४० मिनिटं. त्याच पानावर चाचणी बंद व्हायची वेळही पुढे ढकला. टाइम लिमिट वाढवला आणि बंद व्हायची वेळ तशीच राहिली, तर मूडल ठरल्या वेळेला त्याचीही चाचणी बंद करतं, जादा मिनिटं कागदावरच राहतात.